नेत्रानंदांची सूर्यचकती

दौंड तालुक्यातल्या त्या मठासमोर गुरुवारी अशी झुंबड उडाली होती, की पायातली चप्पल निसटली तर माणसानं तिची आशा सोडून अनवाणीच घर गाठावं. जीपा, टेम्पो, मोटारसायकली आणि जिकडं बघावं तिकडं टोपडी घातलेली तान्ही पोरं. नेत्रानंद महाराज म्हणे अपुऱ्या दिवसांच्या पोरांना दृष्टी देत होते. पोराला आधी दिसत होतं की नाही हे कुणी तपासलेलंच नसायचं, त्यामुळं महाराजांचा एकही नेम चुकत नव्हता!

या गर्दीत वडगाव रासाईच्या धुरपदाबाई उभ्या होत्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता नदीकाठी ऊस. त्यांची नात सातव्या महिन्यातच जन्मली, साडेबाराशे ग्रॅमची. तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत काढून ती नुकतीच घरी आली होती आणि या घडीला घरीच आईच्या छातीशी उबेला बांधलेली होती. आज तिचा सत्ताविसावा दिवस. उद्या डोळ्यांची तपासणी होती, आणि तिच्यावरूनच घरात रण पेटलं होतं.

धुरपदाबाईंचा मुलगा रविराज म्हणत होता, "महाराज सांगत्यात, सव्वा महिना डोळ्यात औषधाचा थेंब पडता कामा न्हाई. पडला तर मिळायची ती नजर बी जाईल."

शेजारी उभी असलेली अनिता म्हणत होती, "तिसाव्या दिवसाच्या आत तपासणी झालीच पाहिजे." अनिता शिरूर-दौंडमधल्या अशा लवकर जन्मलेल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या गटातली. घरोघरी जाऊन वजन, श्वास, कान, डोळे, सगळ्याची नोंद ठेवायची.

"तुमाला तुमचा अभ्यास पुरा करायचाय," रविराज फणकारला. "आमच्या लेकीचं काय?"

"तिचं नाव अभ्यासातून आत्ता काढते, दादा. पण तपासणी चुकवू नका. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढायच्या आधीच ती जन्मलीय. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि नजर कायमची जाते. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो. आत बघितल्याशिवाय कळत नाही."

धुरपदाबाई दोघांच्या मध्ये. इकडं आड, तिकडं विहीर! "आधी म्हाराजाची करामत तर बघू," त्या म्हणाल्या, "मग ठरवू."

तेवढ्यात महाराज अवतरले. भगवी कफनी, काळा चष्मा, हातात ताटाएवढी चकचकीत सूर्यचकती आणि तिच्या कडेला ओवलेले घुंगरू. "भक्तहो! हा रेटिनाचा दिव्य करंट हाय! हिमालयातनं डायरेक्ट! डॉक्टर लोक डोळ्यात बॅटरी मारत्यात, आमी आत्म्यात मारतो!"

पहिलं नाव पुकारलं गेलं दौंडच्या ललिताचं. तिचा सम्राट पाच महिन्यांचा, तोही सातव्या महिन्यातच जन्मलेला. महाराजांनी हात वर केला. "स्पीकर बंद! कुनी खोकायचं न्हाई! दृष्टी उतरतीय!" सगळीकडं चिडीचूप. चकती डावीकडं गेली, छुम. सम्राटची मान डावीकडं. उजवीकडं छुम, मान उजवीकडं. "बघितलं! पोरानं सूर्य बघितला!" बायांनी डोळ्याला पदर लावले. रविराजनं आईचा हात घट्ट धरला.

धुरपदाबाईंच्या मात्र कपाळाला आठ्या. त्या अनिताला हळूच म्हणाल्या, "काय गं, बघायला शांतता कशापायी लागती?"

अनिता हसली. "तुम्हीच सांगा, आजी."

"माझ्याकडं एक मेंढी व्हती, जन्माची आंधळी. म्होरक्या एडक्याच्या घंटीमागं तीन साल चालली. कवा खड्ड्यात पडली न्हाई." एवढं बोलून बाई थेट पुढं घुसल्या. "ललिता, माझ्या बाय, जरा पोर दे. म्हाराज, पुन्यांदा दावा की! मागच्या लोकांस्नी दिसलं न्हाई."

मागून आवाज आला, "व्हय, दावा दावा!" महाराज खुलले. त्यांनी मान वर करून डोळे मिटले, मंत्र पुटपुटायला लागले. तेवढ्यात धुरपदाबाईंनी सम्राटचं टोपडं अलगद नाकापर्यंत ओढलं.

डावीकडं छुम. टोपडं डावीकडं वळलं. उजवीकडं छुम. टोपडं उजवीकडं.

"बघितलं!" महाराज गरजले. "पोरानं सूर्य बघितला!"

"टोपड्यातनं?" धुरपदाबाई म्हणाल्या.

मग पुढच्या रांगेतला कुणी फिस्सकन हसला आणि बघता बघता सगळं मैदान खो खो हसायला लागलं. महाराजांनी डोळे उघडले, टोपडं बघितलं आणि गडबडून म्हणाले, "ही... ही अंतर्दृष्टी हाय!"

"मग चष्मा कशाला घातलाय, बाबा?" धुरपदाबाईंनी चकती हातातनं काढून घेतली, घुंगरू मुठीत गच्च दाबले आणि झाकल्या डोळ्यांच्या पोरापुढं चकती फिरवली. सम्राट ढिम्म हलला नाही. "कान शाबूत हाय लेकराचा, त्येवढंच कळलं. डोळ्याचं काय ते आतून बघितल्याबिगर कसं कळनार?" त्यांनी टोपडं वर केलं, तर सम्राट त्यांच्याकडं बघून बोळकं पसरून हसला.

महाराजांना एकाएकी ध्यानाला बसायची आठवण झाली. ललितानं अनिताला विचारलं, "ताई, ह्याची बी तपासणी ऱ्हायलीय. आता चालंल का?" अनितानं नाव लिहून घेतलं. तिच्यामागं अजून अकरा बाया उभ्या राहिल्या.

शुक्रवारी सकाळी पोरीला दुपट्यात गुंडाळून सगळ्यांच्या आधी रविराजच गाडीत बसला.

डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्यांच्या आत बघितलं. दोन्ही डोळ्यांत आजार सुरू झाला होता. "वेळेत आलात," ते म्हणाले. "दोन-तीन आठवडे उशीर झाला असता तर माझ्या हातात फार काही उरलं नसतं." दुसऱ्याच दिवशी लेझर झालं. धुरपदाबाई दवाखान्याच्या बाकावर हमसून हमसून रडल्या. आपण आपल्या हातानं नातीला आंधळी करणार होतो, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

आज ती पोरगी आजीच्या नाकातली नथ लांबूनच हेरते आणि रांगत येऊन ओढते. धुरपदाबाई ओरडतात, हसतात आणि दारी येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीच्या सासूला बजावून सांगतात: "नवस बोला, अंगारा लावा, तुमची मर्जी. पर पोर दिवसाआधी झालंय ना? मंग तीस दिवसांच्या आत डोळं डॉक्टरला दावा. आन् कुनी चमत्कार दावला तर हात जोडायच्या आधी येकदा इचारा, ह्ये कशानं झालं? खऱ्या मानसाला इचारल्याचा राग येत न्हाई."