तळाचं चंदन

चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचे हीटसिंक बनतात. एका बाजूला उभ्या पात्या, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. या सपाट बाजूवर ट्रान्झिस्टर स्क्रूने बसवला की त्याची उष्णता पात्यांमधून हवेत जाते.

२००६ मध्ये आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची, सुट्टी संपली, त्याच सकाळी दिनानाथ नमुने तपासायला आला. तो मूळचा नाशिकचा, अंबत्तूरच्या यूपीएस कंपनीत इंजिनियर. त्याने नापास केलं तर काम कोइमतूरला जाणार आणि आमची दुसरी पाळी बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

नमुना आमच्या सुपरवायझरांनी, राघोत्तमरावांनी, स्वतः जोडून ठेवला होता. ट्रान्झिस्टरच्या तापमानाची मर्यादा पंचाहत्तर अंशांची. चाचणी सुरू केली, तर आकडा अठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला.

"ऋजुता, हे बरोबर नाही," दिनानाथ म्हणाला.

माझ्या गणिताने सत्तरच्या आसपास यायला हवं होतं. मी स्क्रू काढला. ट्रान्झिस्टरखाली चंदनाचा वाळलेला गोल होता, मधोमध कुंकू.

"राघोत्तमराव, हे पुसलं नाही?"

"पूजेंत ठेविलेलें कसें पुसायचें, अम्मा?" ते म्हणाले. त्यांचं घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची.

मी दिनानाथला सांगितलं की वाळलेलं चंदन उष्णता अडवतं, शिवाय त्याच्या जाडीमुळे धातू धातूला टेकत नाही.

"पटतं. पण नापास नमुना पुसून पास केला असं मी लिहू शकत नाही."

"मग दुसरा घे. ट्रेमधला कुठलाही, तुझ्या हाताने."

त्याने ट्रेवरचं कापड उचललं. प्रत्येक नगाच्या तळाला चंदन.

"सगळ्यांना?"

"एकासच लाविलें तर बाकीच्यांस काय वाटेल?" राघोत्तमराव म्हणाले.

दिनानाथ हसला आणि त्याने दोन नग उचलून मला दिले. मी ॲसिटोनची बाटली उघडली, तर राघोत्तमरावांनी नग माझ्या हातातून घेतले. "आधीं पाणी." त्यांनी ओल्या फडक्याने चंदन टिपलं आणि फडकं फाटकाजवळच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी पिळून आले. दिनानाथ घड्याळ बघत होता. मग मी ॲसिटोन फिरवलं, उष्णता वाहून नेणाऱ्या ग्रीसचा पातळ थर दिला, ट्रान्झिस्टर बसवले.

अर्धा तास आम्ही तिघं आकड्यांकडे बघत उभे राहिलो. एक एकाहत्तरवर स्थिरावला, दुसरा बहात्तरवर.

दिनानाथने मंजुरीवर सही केली आणि खाली एक अट लिहून कागद राघोत्तमरावांकडे सरकवला: माल पाठवताना सपाट बाजूवर कोणताही लेप नसावा.

त्यांनी अट दोनदा वाचली.

"मग खोक्यास लावतों," ते म्हणाले. "बाहेरून."

"खोक्याला आमची हरकत नाही, मामा."

"कुंकूही?"

"पत्ता वाचता आला पाहिजे, एवढंच."

राघोत्तमराव दुसऱ्या पाळीच्या माणसांना सांगायला गेले.