डाव्या बाजूची उत्तरं

मी एक हेडफोन बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आलो, तेव्हा आज चार शब्द स्वतःचे बोललो तर कुणाच्या कानाला त्रास होऊ नये. आणि झालाच, तर खुशाल होऊ दे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने तार जोडली, दुसरीने दोन वाट्यांना गाद्या बसवल्या. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईने मला डोक्यावर चढवलं. आधी उजव्या वाटीतून एक शिट्टी वाजली, मग डाव्या वाटीतून. तिने दोन्ही ऐकल्या, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. इतकं साधं काम होतं ते, पण माझ्या मालकाला ते पुढे जमेनासं झालं.

माझा मालक एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायचा. लोकांच्या चुका काढणं हाच त्याचा धंदा. गळा बेताचा, हातात कुठलं वाद्य नाही, पण ऐकण्याचं वेड जबरदस्त. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात. कचेरीत त्याला सगळे कानसेनच म्हणायचे आणि तो त्यावर खूश असायचा.

त्यातून त्याला नाद नव्या संगीताचा. यंत्रांवर केलेलं, कुठल्याच साच्यात न बसणारं. कुणी फ्रिजची घरघर पकडून तिच्यावर प्रेमगीत बांधलेलं असायचं. कुणी स्वतःचा आवाज इतका ताणलेला, की माणूस गातोय की घंटा वाजतेय ते कळू नये. त्याची बायको विचारायची, "हे गाणं आहे की काही बिघडलंय?"

"दोनदा ऐक, मग बोल," तो म्हणायचा. स्वतः तीनदा ऐकायचा, डोळे मिटून, दोन्ही कान झाकून. कुणालाच ठाऊक नसलेलं एखादं गाणं सापडलं की त्याच्या मानेवर काटा यायचा. माझी पट्टी त्याच्या डोक्यावर असायची, मला ते कळायचं. त्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग संपादिकाबाईंनी त्याला सदर दिलं. दर शुक्रवारी जगभर नवी गाणी बाहेर पडतात, त्यातलं काय ऐकावं हे त्याने सांगायचं. सदर गाजलं. लोक म्हणू लागले, कानसेनने शोधलेलं आहे म्हणजे चांगलंच असणार. आधी आठवड्याला एक अल्बम यायचा, मग दहा, मग चाळीस. चाळीस अल्बम तीनदा ऐकायचे तर आठवड्याला दिवस पुरायचे नाहीत. म्हणून तो एकदाच ऐकू लागला, मग निम्मंच, मग भाजी चिरता चिरता.

एके दिवशी तो ऐकत बसला आणि गॅसवरचं दूध उतू जाऊन भांडं करपलं. बायको कामावरून आली ती नाकाला पदर लावूनच. "अहो, निदान एक कान तरी घराकडे ठेवा!"

त्याने तेवढं मात्र मनापासून ऐकलं. त्या दिवसापासून माझी डावी वाटी कानामागे सरकली. उजवी कानावर, डावी कानशिलावर. कुकरची शिट्टी, दारावरची थाप, संपादिकाबाईंचा फोन, सगळं डाव्या कानाने. संगीत उजव्या कानाने. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणारी माणसं पुष्कळ असतात. याने दुसऱ्या कानापर्यंत काही पोचूच दिलं नाही. मी आठ वर्षं त्याच्या केसांना गाणी ऐकवली.

कुणाला पत्ता लागला नाही, कारण या संगीतात काय राहून गेलंय हे कळायला मार्ग नसतो. मध्यंतरी माझी तार पिनेजवळ सैल होऊन खरखरू लागली होती. त्याने लिहिलं, "या गाण्याच्या तळाशी आपल्या काळाची अस्वस्थ खरखर आहे." खरखर माझी होती. दुसऱ्या दिवशी त्याने पीन बदलली, खरखर गेली, पण छापलेलं तसंच राहिलं. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे जे झालं त्यावर हसता आलं नाही.

एका शुक्रवारी दोन बहिणींचा अल्बम आला. थोरली चष्म्याच्या दुकानात काम करायची, धाकटी कपडे अल्टर करून द्यायची. धाकटीच्या शिलाई मशीनचा आवाज कापून, उलटा फिरवून त्यांनी ठेका केला होता. लहानपणापासून दोघी एकाच खोलीत वाढलेल्या, म्हणून अल्बमचं नाव 'एक खोली'. सबंध अल्बममध्ये थोरली उजवीकडून विचारते आणि धाकटी डावीकडून उत्तर देते.

"दार कोणी लावलं?" थोरली गायची.

"मीच लावलं, तू झोपली होतीस," धाकटी गायची.

प्रश्न साधे, उत्तरं त्याहून साधी. पण धाकटीचं उत्तर येताना खालचा सगळा ठेका थांबायचा आणि तिच्या पातळ आवाजाला जागा द्यायचा. इतक्या वर्षांत माझ्यातून गेलेल्या सगळ्यात ती उत्तरं मला सर्वांत आवडली. मी ती जीव तोडून म्हटली, कानसेनच्या कानशिलाला.

तिसऱ्या गाण्यात त्याने वैतागून मान वळवली. "शेजाऱ्यांना टीव्ही जरा बारीक करायला सांग गं."

"कुठला टीव्ही? कुलूप आहे त्यांच्याकडे आठवडाभर," बायको म्हणाली. त्याने खिडकी लावून घेतली.

मग त्याने लिहिलं, आणि काय लिहिलं! "ही गायिका प्रश्न विचारते आणि गप्प राहते. उत्तर येत नाही. या शांततेत आजचा एकटा माणूस बसलेला आहे. नाव दोघींचं असलं तरी हे गाणं एकीचंच आहे." पाचपैकी पाच तारे. आठ वर्षांत पहिल्यांदा.

लेख तुफान गाजला. जो तो त्या शांततेबद्दल बोलू लागला. ज्यांनी दोन्ही कानांनी ऐकलं होतं, त्यांनाही वाटलं, कानसेन म्हणतो म्हणजे धाकटीचा आवाज नुसती सजावट असेल. कानसेनने मुलाखतीसाठी फोन केला तो थोरलीला. माझ्या तारेवर छोटा माईक आहे, त्यामुळे हे सगळं माझ्यातूनच गेलं.

"ती शांतता तुम्हाला कशी सुचली?" त्याने विचारलं.

थोरली म्हणाली, "शांतता म्हणजे... सर, तुम्ही दोन्ही..." तेवढ्यात तो म्हणाला, की इतकं धाडसी काम त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नाही. मग ती म्हणाली, "थँक यू, सर." पुढचा अर्धा तास ती शांततेबद्दलच बोलली. मी तिला फार दोष देत नाही. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्या बाईला कुणी कलावंत म्हटलं, तर तिने लगेच त्याची चूक काढावी, ही अपेक्षा करणं सोपं आहे. पण थोडा दोष देतोच.

महिन्याभरात मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. थोरलीला, एकटीला. त्यानंतर दोन दिवसांनी धाकटीचा फोन आला. तिच्यामागे शिलाई मशीन चालू होतं.

"सर, एकच विचारायचं होतं. तुम्ही उत्तरं ऐकलीत का?"

"कसली उत्तरं?"

मशीन बंद झालं. "डावीकडची. ताई म्हणते, तुमच्यासारख्या माणसाने ऐकूनसुद्धा धरली नाहीत, म्हणजे त्यांची गरजच नसेल. तुम्ही ऐकून तसं म्हणत असाल तर माझं काही म्हणणं नाही."

"मी पुन्हा ऐकून कळवतो," तो म्हणाला.

त्याने माझी डावी वाटी कानावर ओढली. आठ वर्षांनी! पहिल्याच उत्तराला त्याच्या मानेवर काटा आला. तो सगळा अल्बम ऐकत बसून राहिला. संपल्यावर त्याने मला गळ्यात उतरवलं आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने अल्बमसोबत आलेल्या पाकिटातलं बहिणींचं पत्र काढून वाचलं. "अहो, इथे तर पहिल्याच ओळीत लिहिलंय. 'कृपया दोन्ही कानांनी ऐकावं.' चूक झाली म्हणून दोन ओळी छापा, संपलं."

"संपलं काय? मी संपलो. मागच्या आठ वर्षांचं मग कोण खरं मानेल?"

"ती पोर काय करेल?"

"तिच्या हातात दुसरं काम आहे," तो म्हणाला. इतकी वर्षं तो माणूस लोकांच्या मुद्रितातले काने-मात्रे दुरुस्त करत होता.

त्याने फोन लावला. "ऐकली उत्तरं. तेव्हाही ऐकली होती. खरं सांगू? ती नसती तरी चाललं असतं."

हे वाक्य माझ्या माईकमधून गेलं. तार तुटावी असं मला फार वाटलं, पण नवी पीन त्याने चांगली बसवून घेतली होती. पलीकडून धाकटी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, सर. मी उगाच ताईशी भांडत होते."

तेव्हापासून तो मला दोन्ही कानांवर घालतो. माझ्या गाद्या झिजल्यात, पट्टी सैल झालीये, तरी तो मला बदलत नाही. संपादिकाबाईंना वाटतं, जुन्या वस्तूवर जीव आहे. मला ठाऊक आहे, त्याला नवी वस्तू दुकानात दोन्ही कानांनी तपासून घ्यायची भीती वाटते.

या शुक्रवारी थोरलीचा एकटीचा अल्बम आला. धाकटी आता गात नाही, मशीनचा आवाजही देत नाही, असं सोबतच्या कागदावर होतं. थोरली प्रश्न विचारते आणि थांबते. ठेकाही थांबतो, सवयीने. प्रत्येक वेळी कानसेनने माझी डावी वाटी बोटांनी कानावर दाबून धरली. मी त्याला काहीच देऊ शकलो नाही. मग त्याने लिहिलं, "आवाज तोच, धाडस तेच, पण या वेळी काहीतरी कमी आहे." दोन तारे.

मला आता फार दिवस नाहीत. जायच्या आधी त्याला काही सांगायचं नाही, सांगून उपयोग नाही. धाकटीबाई, तुम्हालाच सांगतो. त्याने तेव्हा तुमची उत्तरं ऐकली नव्हती. तो खोटं बोलला, आणि ते खोटं तुमच्यापर्यंत मी पोचवलं. मला माफ करू नका, पण पुन्हा गा.