लेथ सरळ होतं

नोव्हेंबर १९५६ मध्ये मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि तिच्यामागोमाग सचिवालयातला कारकून गोपीनाथ देवपुजारीही आला. थोरला भाऊ अच्युत बँकेत होता, म्हणून नागपुरातच राहिला. वडील शाळेत सुतारकाम शिकवत. त्यांचं टेबलावर बसवायचं छोटं लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, वाटणीत गोपीनाथकडे आलं. अच्युतने ते स्वतः पेटीत भरून रेल्वेने पाठवलं.

गोपीनाथने क्वार्टरच्या मागच्या पडवीत एक टेबल ठेवलं, त्याला लेथ चार बोल्टांनी आवळलं आणि मोटर जोडली. पहिल्यांदा टेबललँपचा खांब करायला घेतला. बाहेरून खांब चांगला उतरला. पण वायरसाठी लांबीतून भोक पाडायला घेतलं, तेव्हा गिरमीट मध्येच बाजूने बाहेर आलं. त्याने लेथची लाकूड दोन्ही बाजूंनी धरणारी टोकं एकमेकांजवळ आणून पाहिली. ती समोरासमोर येईनात. मागचं टोक बाजूला सरकलेलं आणि थोडं वर होतं.

"दादानं पेटी भरताना आपटलं असणार," तो बायकोला म्हणाला.

"न बघता कसं म्हणता?" सिंधूने विचारलं.

त्याने ऐकलं नाही. त्याच दिवशी अच्युतला पत्र लिहिलं: वडिलांची एवढी एकच वस्तू मागितली होती, तीही धड पाठवता आली नाही. मग कानस घेऊन मागचं टोक ज्यावर बसतं त्या भागाचा तळ घासायला बसला. दोन रविवार घासूनही टोकं जुळली नाहीत.

शेवटी तो जहांगीराबादेतल्या हफीज मियांना घेऊन आला. ते पलंगाचे पाय कातून देत. त्यांनी लेथकडे पाहिलं, टेबल हलवून बघितलं आणि चारही बोल्ट सैल केले. लेथचा एक पाय अलगद टेबलापासून वर उठला.

"बाबूजी, मशीन को क्यों छील दिया? टेबल टेढ़ी है. आपने कस-कसके मशीन को भी टेढ़ा कर दिया."

त्या पायाखाली त्यांनी जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि बोल्ट थोडेथोडे, आलटून-पालटून आवळले. मागचं टोक आता बाजूला सरकलेलं नव्हतं. फक्त थोडं खाली होतं, गोपीनाथने घासलं होतं तेवढंच. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्याखाली घातला, तेव्हा टोकाला टोक भिडलं.

हफीज मियां चहा पिऊन गेले. गोपीनाथ पडवीतच बसून राहिला. संध्याकाळी त्याने कार्ड लिहिलं.

'ती. दादास सा. न. वि. वि. लेथ चांगलं होतं. माझं टेबल वाकडं होतं. न तपासता तुझ्यावर आळ घेतला आणि कानस चालवून वस्तूही बिघडवली. घासलं तिथे आता डब्याचा पत्रा घातला आहे. चूक माझी.'

उत्तर आलं नाही. नवा खांब झाला, भोक सरळ आरपार गेलं, लँप पेटला. संक्रांत झाली. सिंधूने जावेला तिळगूळ पाठवला, त्याची पोचही आली नाही. गोपीनाथ कचेरीतून आला की आधी टपाल विचारायचा आणि नंतर चप्पल काढायचा.

होळीच्या आधी एक कार्ड आलं. अच्युतचं अक्षर होतं, मायना नव्हता.

'पत्रा गंजेल. पितळेची पट्टी घाल. मे महिन्यात आठ दिवस येतो आहे.'

गोपीनाथने कार्ड दोनदा वाचलं आणि सिंधूच्या हातात दिलं. मग सायकल काढून तो चौकातल्या बाजारात पितळेची पट्टी शोधायला गेला.