कुंदनबाबाची पिवळी वाटी

समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. बोदलकसा तलावाच्या वाटेवरचं आमचं अख्खं गाव धानाची कामं टाकून एका काचेच्या वाटीत डोळे घालून बसलं होतं. कुंदनबाबाने शांतीबाईच्या पाटल्या तिच्या कावीळ झालेल्या पोराच्या, मोहितच्या पोटावरून फिरवल्या, वाटीत टाकल्या आणि दोन बाटल्यांतलं ‘तीर्थ’ वर ओतलं. हळूहळू पाणी पिवळं झालं.

“देखो माई! बेटे का पीलिया सोने ने खींच लिया!”

पुढच्या रांगेला वाफेने ठसका लागला. तो म्हणे रोगाचा वास! बाबाने स्वतःच्या नाकाला तेवढं उपरणं बांधलं होतं.

“ही तिसरी वाटी आहे, बाबा. पोरगा काऊन उठून नाही राहिला?” शांतीबाईने रडत विचारलं.

“दोष गहरा है. दवाखाना मत जाना. कल गले का गोफ लाना.”

मोहित आता धड बोलतही नव्हता आणि हा लफंगा गोफाची ऑर्डर देत होता!

पुष्पांजली मॅडम उठल्या. त्या तिरोड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि गावात धानही पिकवतात.

“आता रिकाम्या वाटीत ओता. पोरगा नाही, सोनं नाही.”

बाबा मंत्र पुटपुटू लागला. मॅडमनीच सोबत आणलेल्या पिशवीतून हातमोजे काढून घातले आणि दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं ओतलं. थोड्या वेळात तेही पिवळं!

“आता वाटीलेच कावीळ झाली का?” म्हाताऱ्या शामकलाबाईने विचारलं.

“हे दोन तेजाब आहेत, ॲसिड,” मॅडम म्हणाल्या. “एकेकटं सोन्याले हात लावत नाही. दोन्ही मिळाले की सोनं त्यात विरघळते.”

त्यांनी बाबाच्या वाटीतून पाटल्या चिमट्याने काढल्या. पार झिजल्या होत्या. मग तेजाबाचा जोर मारायला त्याच वाटीत फेस थांबेपर्यंत पिशवीतला युरिया टाकला आणि त्यावर फेरस सल्फेटचं पाणी. पिवळे पडलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हिरवे करायला आपण फवारतो, तेच. तळाशी तपकिरी गाळ बसू लागला.

“हे तुमचं सोनं. बाबा वाट्या विसर्जनाले नेते म्हणते न? घरी जाऊन हेच करते.”

लोक बाबाच्या अंगावर धावले. काही शहाणे गाळावर धावले. शांतीबाईने वाटीकडे पाहिलंही नाही.

“आग लागो त्या सोन्याले! गाडी आना, पोराले दवाखान्यात न्या!”

मोहित अठरा दिवसांनी घरी आला. बाबाच्या आधीच्या गावातली दोन माणसं मात्र वाचली नाहीत. त्यांच्याही घरी पाणी पिवळं झालं होतं, आणि रोग गेला म्हणून घरच्यांनी नारळ फोडला होता. म्हणून हात जोडून सांगतो, कावीळ रक्तात असते. रक्त तपासा, आणि डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी तपासा.