उतरता आवाज

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेली ती काळी पट्टी – वीतभर लांब, बोटभर जाड – होती तिथेच, पण तिच्यात रोज सकाळी जागे असणारे तांबडे ठिपके आज नव्हते. सिद्धेश्वरी पुन्हा पुन्हा तिथेच बघत होती. पडदा उजळला होता, अक्षरांचं पान उघडं होतं, वरच्या चौकटीत काल संध्याकाळी तिने लिहिलेले शब्दही तसेच होते – *मला ती नळी* – आणि त्यांच्यापुढे उभी रेघ लुकलुकत होती, पुढचा शब्द मागत. पण ती ज्या अक्षरावर नजर ठेवील तिथे येऊन थांबणारा निळा गोल कुठेच नव्हता. तिने *ह* कडे बघितलं. किती तरी वेळ बघितलं. *ह* नुसतं *ह* राहिलं.

आधी हात गेले होते, मग पाय, मग जीभ. मज्जातंतूंचा आजार, डॉक्टर म्हणाले होते, डोळे मात्र बहुधा शेवटपर्यंत राहतील – आणि ते जणू काही बक्षीस असल्यासारखं म्हणाले होते. मग ही पट्टी आली. डोळ्यांची बुबुळं कुठे वळतात ते ओळखून अक्षरं उमटवणारी, आणि उमटलेलं वाक्य एका परक्या बाईच्या स्वच्छ, बातम्या दिल्यासारख्या आवाजात म्हणून दाखवणारी. त्या बाईला कानडी येत नव्हती. घरात निम्मं बोलणं कानडीत. सिद्धेश्वरी आजही मनात रागावली तर कानडीतच रागवायची… पण तेवढं चालवून घेतलं होतं. निम्मी का होईना, मी होते.

मघाशी सोमशेखरने माउस हलवून झोपलेलं मशीन जागं केलं, तेव्हाच तिला कळलं होतं. बारीकसा, दोन सुरांचा, उतरता आवाज आला होता. काही जोडलं गेलं की सूर चढतो, सुटलं की उतरतो. नवी पेठेतल्या तिच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती मुलांना डोळे मिटायला लावायची, मागून पेनड्राइव्ह घालायची, काढायची आणि विचारायची, सांगा, लागलं की सुटलं? सगळी पोरं हसायची. गृहिणी यायच्या, माउसला हात लावायला घाबरायच्या, दुकानदार यायचे, आणि ती प्रत्येकाला तेच सांगायची – मशीन बिघडत नाही हो इतक्या सहज, कुठेतरी काहीतरी झोपलेलं असतं.

"बंद पडलंय की हे," सोमशेखर म्हणाला. तो टेबलाखाली वाकला होता. तिला त्याची पाठ आणि बनियनच्या काखेतलं भोक दिसत होतं. चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात तो रंगखात्यात होता, त्याच्या नखांच्या कडा वर्षानुवर्षं निळ्या-जांभळ्या. आज त्याने रजा टाकली होती. "काल तर चांगलं चालत होतं."

"काल सांजच्याला बोलत हुत्या की ताई," बजाबाई म्हणाल्या. त्या दिवसभर तिच्यासाठी असत. अंघोळ, कूस बदलणं, भरवणं. मूळच्या मोडनिंबच्या. "वायर निघली आसंल बघा."

वायर निघाली नव्हती. काल संध्याकाळी मशीनने स्वतःहून काहीतरी नवं उतरवून घेतलं होतं, आणि असं झालं की जुन्या सूचना कधीकधी पुसल्या जातात – झोपू नकोस असं बजावून ठेवलेलं मशीन त्यामुळे झोपलं. झोपताना वीज वाचवायची म्हणून त्याने यूएसबीच्या खाचा एकेक करून निजवल्या. आणि जागं झाल्यावर माउसला हाक मारली, कीबोर्डला मारली, पट्टीला मारायची राहिली. इतकंच. रीस्टार्ट कर, तिने मनात म्हटलं. त्याच्या पाठीकडे बघून म्हटलं, मोठ्यांदा म्हटलं… अहो, रीस्टार्ट.

सोमशेखरने पट्टीची वायर उपसली आणि त्याच खाचेत पुन्हा घातली. मागच्या बाजूला घाला, मागच्या! त्याने वायर फुंकून घातली, पुसून घातली. मग बटण दाबून मशीन बंद केलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत थांबला आणि चालू केलं. तिला हसू आलं असतं, हसणारे स्नायू असते तर. बंद केलं म्हणजे ते खरोखर बंद होत नाही हो. डोक्यातलं सगळं एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवतं आणि उठल्यावर तेच उलगडतं, चूकसुद्धा. रीस्टार्ट मात्र कोरं. हे फळ्यावर लिहून दिलंय मी, तुमच्यासमोर लिहिलंय, तुम्ही डबा घेऊन आला होतात त्या दिवशी…

ठिपके लागले नाहीत. अक्षरांचं पान आणि अर्धं वाक्य मात्र जसंच्या तसं परत आलं.

सोमशेखरने पट्टीच्या कंपनीला फोन लावला. माणूस सोमवारी येईल, असं पलीकडून सांगितलं असावं, कारण तो "सोमवारी? आज पाहिजे होतं हो आम्हाला," असं म्हणाला आणि मग नुसतं "बरं" म्हणाला. फोन ठेवून तो खाटेच्या कडेला बसला. त्याची नजर पडद्यावरच्या त्या शब्दांवर गेली. तिची आधीच तिथे होती.

नळीचं आज दुपारपर्यंत डॉक्टरांना कळवायचं होतं. पोटाला बारीक छिद्र पाडून आत नळी बसवायची, म्हणजे अन्न परस्पर पोटात जाईल. घास अडकणार नाही, ठसका लागणार नाही. पण छाती आणखी कमजोर झाली तर नंतर ते करता येणार नाही, ठरवायचं तर आत्ताच, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि हेही म्हणाले होते की पेशंटला स्वतःला विचारा, हा निर्णय त्यांचा आहे. आठवडाभर ती *नको* च म्हणणार होती. कुणाला बोलली नव्हती, पण आत ठरलं होतं. कालच्या आंबिलीचा घोट श्वासात गेला, जीव गुदमरून डोळे पांढरे झाले, बजाबाईंनी पाठीवर मारून मारून तिला परत आणलं – तेव्हाही वाटलं, पुरे. आणि मग संध्याकाळी बजाबाई स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होत्या. तो वास आला, खरपूस, किंचित करपलेला, आणि तिला एकदम वाटलं की हा वास उद्याही यायला हवा. बस्स. चटणी खाता येणार नाही हे ठाऊक होतं. तरी हवा. हे इतकं क्षुल्लक होतं की तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि तरीही तिने *मला ती नळी* इथपर्यंत आणलं होतं. डोळे थकले, पाणी यायला लागलं. सोमशेखर म्हणाला, राहू दे, उद्या बोलू.

आता तो तिच्याजवळ सरकला. चेहऱ्यावर दाढीचे पांढरे खुंट. तिचा हात त्याने हातात घेतला. त्याची ऊब तिला नीट कळली, स्पर्श गेला नव्हता.

"अगं," तो म्हणाला, आणि मग हळू, कानडीत, "ब्याड, हौदल्ला?"

नको, हो ना?

कानडीत विचारलं म्हणून तिला भरून आलं, आणि तो भरून येण्याचा क्षण संपायच्या आत प्रश्न तिच्या ध्यानात आला. डोळे वर केले तर हो, मिटून धरले तर नाही – आजार जिभेत आला तेव्हापासूनची त्यांची खूण. पूर्वी अक्षरांचा एक पुठ्ठाही होता, पण पट्टी आल्यावर दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिला. हो म्हटलं तर 'नको' ला हो होईल. म्हणून नाहीच म्हणायला हवं. 'नको' नाही. तिने डोळे मिटले, घट्ट, जितका वेळ धरवतील तितका वेळ धरले.

उघडले तेव्हा तो मान हलवत होता. "कळलं," म्हणाला. "नको ना. मला माहीत होतं."

नाही… नाही! तिने पुन्हा मिटले.

"व्हय व्हय, कळलं त्यास्नी, ताई," बजाबाई म्हणाल्या. "झोप आलीया का? डोळं मिटायल्यात सारकं."

वर करू का? वर केले तर म्हणतील, हो, झोप आली. प्रश्न बदलला होता. दुसऱ्यांच्या प्रश्नांच्या दारातून जेवढं बाहेर पडता येईल तेवढंच… ती लग्नाआधी अक्कलकोटच्या घरात अशीच बसली होती, समोर सोमशेखर आणि त्याचे मामा. कुणीतरी विचारलं, मुलीची काही हरकत? तिने मान खाली घातली होती ती त्याच्या चपलेचा अंगठा तुटून सुतळीने बांधलेला दिसला म्हणून, आणि ते इतकं गमतीचं होतं की आणखी बघावंसं वाटलं. तिचे वडील, अप्पा, म्हणाले, लाजली, पसंत आहे. पसंत होताही. पण ते तिला अजून ठरवायचं होतं.

सोमशेखर उठून खिडकीशी गेला आणि त्याने डॉक्टरांना फोन लावला. "सर, सोमशेखर बोलतोय. नाही, ती नको म्हणते… हो सर, विचारलं की. तिनंच सांगितलं, स्वतः."

बोलणं संपलं. फोन खाली घेताना त्याचे खांदे सैल झाले. हे तिने पाहिलं. ओझं खांद्यावरून उतरवून ठेवताना कारखान्यातले हमाल सैल होतात तसे, आणि तोंडातून एक लांब श्वास, आणि चेहऱ्यावर… दुःख होतं, होतंच, त्याचे डोळे ओले होते. पण त्या ओल्याच्या मागे आणखी काहीतरी होतं. ते तिला पाहायचं नव्हतं, आणि नजर वळवण्याखेरीज तिच्याजवळ काही उरलं नव्हतं, तरी तिने ती वळवली नाही.

किती वर्षं मी तुमचे उपकार मानते आहे. रात्री तीनदा उठता, कूस बदलता, घाण काढता, कधी तोंड वाकडं केलं नाहीत. या परक्या बाईच्या आवाजात मी रोज तुम्हाला थँक्यू म्हणते, इतक्यांदा की तो शब्द पट्टीला पाठ झाला आहे, *थ* म्हटलं की पुढचं तीच पुरवते. आणि तुमचे खांदे सैल झाले.

पुण्याहून लेकीचा, शिवानीचा, व्हिडिओ कॉल आला. सोमशेखरने फोन सिद्धेश्वरीच्या समोर धरला. "आई, आज गप्प का?" लेक म्हणाली, आणि मग कळल्यावर, "बाबा, काय काय करून बघितलंत?"

"बंद करून चालू केलं. वायर काढून घातली."

"बंद करून नव्हे हो बाबा, रीस्टार्ट! आई किती ओरडायची आपल्याला. आणि वायर मागच्या खाचेत लावा, पुढच्या नको."

तो पुन्हा वाकला. पडदा काळा झाला, उजळला, फिरत राहिला. आणि मग सूर चढला. पट्टीत तांबडे ठिपके लागले. बजाबाईंनी हात जोडले. शिवानीने एकेक सांगत त्याला आतल्या पानापर्यंत नेलं, 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करावे' यापुढची खूण काढायला लावली. "आता झोपलं तरी सोडणार नाही ते पट्टीला. आई, नळीचं काय ठरवलंस?"

"नको म्हणाली ती," सोमशेखर म्हणाला. "डॉक्टरांना कळवलं मी."

"पट्टी बंद होती ना? मग विचारलंत कसं?"

"नको ना, असं विचारलं. तिनं डोळे मिटले."

शिवानी हळूच म्हणाली, "बाबा, डोळे मिटले म्हणजे नाही ना? मग नको ला नाही म्हणजे…"

सोमशेखरने फोन टेबलावर ठेवला. तो बायकोकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. अर्धं वाक्य रीस्टार्टमध्ये गेलं होतं; चौकट कोरी होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो घाबरला आहे हे तिला कळलं. पण कशाला – चुकीचं कळवलं असेल याला, की आता ते बदलावं लागेल याला – ते चेहऱ्यावरून वाचता येईना. बहुधा त्यालाही येत नसावं.

"लिही गं," तो म्हणाला. "तूच सांग. मी लगेच फोन करतो त्यांना."

निळा गोल आला. तिची नजर जाईल तिकडे तो निमूटपणे जात होता. ती *ह* वर गेली. गोल भरू लागला, पाव, अर्धा… आणि तिने नजर काढून घेतली. सकाळी ते *हवी* तिचं होतं. आता त्यात त्याचे सैल खांदे मिसळले होते. आता ते म्हटलं तर जगण्यासाठी म्हटलं की त्याला चूक ठरवण्यासाठी, हे तिला सांगता आलं नसतं. आणि *नको* म्हटलं तर ते त्याला दिलेलं आणखी एक थँक्यू झालं असतं.

"आई?" फोनमधून शिवानी म्हणाली.

"बोला की ताई," बजाबाई म्हणाल्या.

तिने डोळे पडद्यावरून उचलले आणि सोमशेखरवर ठेवले, सरळ. गोल कुठेतरी कडेला जाऊन नाहीसा झाला. त्याने तिच्याकडे बघितलं, मान वळवली, परत बघितलं. दुपार होत आली होती, हे तिला ठाऊक होतं. पण छातीत काहीतरी गरम, टणक येऊन बसलं होतं, घोट अडकतो तिथेच. आणि ठसका लागत नव्हता. थांबा जरा. सगळेच थांबा. मला ठरवू द्या. आता मला बोलता येतंय.