मला टपावरून उतरवू नका

मी पिझ्झाच्या दुकानाचा दिवा बोलतोय. घरोघर पिझ्झा पोचवणाऱ्या गाडीच्या टपावर लोहचुंबकाने चिकटून बसतो ना, तो लाल दिवा. मी टपावर असलो की गाडी कामावर, उतरलो की सुट्टी. कॅन्ससमधल्या आमच्या गावात शेंबड्या पोरालाही हे कळतं.

मी लोरेटाच्या वाट्याला आलो. गाडी तिची स्वतःची, मी दुकानाचा. मागे तिच्या लेकीची छोटी खुर्ची, तिच्यात कायम बिस्किटांचा चुरा. मला वर चढवताना लोरेटा म्हणायची, "चल रे लाल्या, पोटापाण्याला!"

आमच्याकडचा वारा फार वाईट. नदीच्या पुलावर तो दिवे उपटून नेतो. म्हणून दुकानाचा मॅनेजर वेंडल सगळ्यांना बजावायचा, "पूल आला की दिवा आत घ्या रे बाबांनो. तो उडाला तर मी तुम्हाला उडवीन!" सगळे हसायचे, आणि ऐकायचेही.

त्या दिवशी पिझ्झा देऊन आम्ही दुकानाकडेच परतत होतो. पुलाआधी लोरेटाने मला उतरवलं, लेकीच्या खुर्चीत बसवलं, वर पट्टाही बांधला. पूल ओलांडला आणि सिग्नल तोडून ट्रक आला. मला ओरखडा नाही. तिच्या कंबरेचं हाड मोडलं.

कामावर असताना अपघात झाला तर औषधपाणी आणि घरी बसावं लागलं तरी पगार मिळतो इथे. पण विम्याचा माणूस दुकानात येऊन म्हणाला, "बाई, पिझ्झा पोचला होता, दिवा आत होता. पाळणाघर त्याच रस्त्याला. तुम्ही लेकीला आणायला निघाला होतात."

कुबड्यांवर उभी लोरेटा रडकुंडीला आली. "अहो, वाऱ्यामुळे काढला! वेंडल, सांग की यांना. तूच सांगायचास ना?"

कामावर असताना दिवा उतरवायचा नाही, असा नियम; दुकान ज्या मोठ्या कंपनीचं, तिचा. खरं बोलला तर वेंडलची नोकरी जाणार. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मी असं कधी बोललो नाही." बाकीचे खाली मान घालून पीठ मळत राहिले. त्यांनाही पोरंबाळं आहेत.

तिला काहीच मिळालं नाही. लेकीला कडेवर घेता येत नाही म्हणे आता.

मी आता मारिसेलाच्या गाडीवर असतो. काल पूल आला, तिने गाडी थांबवली आणि माझ्याकडे हात नेला. अगं, नको! उडू दे मला, नदीत पडू दे!

तिने मला अलगद काढलं, आपल्या बाळाच्या खुर्चीत ठेवलं आणि पट्टा बांधला.