एक नंबर मोठा

दिशाच्या बुटाचा तळवा मधोमध फाटला होता आणि ती त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून पळत होती. रंगनाथला हे कळलं ते तिनं धुतलेले बूट ओट्यावर वाळत घातले तेव्हा. त्यानं एक बूट उचलून उलटा केला. टाचेची बाहेरची कड पार घासून गेली होती. आत हात घातला तर अंगठ्यापाशी कापड कडक लागलं. वाळलेलं रक्त होतं.

तो तिथंच खाली बसला.

"दिशे, हे काय हाय?"

"नख गेलंय, अप्पा. लांब पळणाऱ्यांची जातातच."

"नवं घ्यायचं."

"फेब्रुवारीतल्या शर्यतीपर्यंत चालतील की."

"चालायचं न्हाई! उद्या शनवार हाय. दुपारच्या गाडीनं नगरला जायचं."

तो एवढ्यानं ओरडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आई, मनकर्णा, गेल्यापासून चौदा महिन्यांत दिशानं अप्पांचा आवाज असा ऐकला नव्हता. घरात दोघंच होती आणि दोघांचं बोलणं चहा आणि जेवणापुरतंच होतं.

मनकर्णाला नऊ वर्षं साखर होती. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं, पण ती काही चालत नव्हती. दिशा वनरक्षकाच्या भरतीसाठी पळायला लागली तेव्हा तिनं आईला पहाटे उठवून बरोबर न्यायला सुरुवात केली. आधी चालणं, मग थोडं पळणं. दोन वर्षांत मनकर्णा तिसगावपासून मढीपर्यंत पळत जायला लागली, साडीवर दिशाचं जुनं जाकीट चढवून. गावातल्या बाया हसायच्या.

"मनकर्णाबाई, भरतीला उभ्या राहता का काय?"

"राहते की. फौजदार झाले की पहिला तुझाच नवरा धरून नेते, पत्त्यावरनं उठवून!"

पुढं दिशाची भरती हुकली, पण दोघींचं पळणं सुटलं नाही. नगरला एकवीस किलोमीटरची शर्यत होती, तिच्यात दोघींनी नावं दिली. रंगनाथला बायकोचं कौतुक होतं. ते तोंडानं सांगायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्यानं ठरवलं, हिला चांगले बूट आणायचे, न सांगता. एका पहाटे ती उठायच्या आधी त्यानं तिच्या पायाला सुतळी लावली, टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत, आणि तिथं गाठ मारली. ती सुतळी खिशात घालून तो नगरला सावेडी रस्त्यावरच्या एका दुकानात गेला. दुकानदार तरुण पोरगा होता. त्यानं सुतळी मापून सांगितलं, काका, पाच नंबर येतोय, पण सहा न्या. रंगनाथनं पाचच घेतला.

त्याला जन्मभर एकच ठाऊक होतं. गावातल्या कारागिराकडून वहाण करून घ्यायची ती घट्ट घ्यायची. पंधरा दिवस चावते, तेल लावायचं, मग कातडं पायाचं होतं. सैल घेतलेली वहाण महिन्यात पायातनं निसटते. घरी आल्यावर त्यानं हे मायलेकींना रंगवून सांगितलं. "मोठा नंबर गळ्यात मारत हुता. म्हनलं, उरलेला माल खपवायला मीच गावलो का?" दोघी हसल्या होत्या.

पहिल्या दिवशी मनकर्णा म्हणाली, "जरा दाटतात वो."

"हुतील सैल."

चार दिवसांनी तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा तेच उत्तर दिलं. नंतर ती बोलायची थांबली. रंगनाथला वाटलं, झाले सैल. साखरेनं पायाची जाणीव जाते हे त्याला ठाऊक नव्हतं. बूट रोज घासत होता आणि तिला कळत नव्हतं.

एके दिवशी पाय धुताना डाव्या करंगळीखाली काळं दिसलं. रंगनाथ म्हणाला, "काटा मोडला असंल." मुद्दाम नाही, जे सुचलं ते बोलला. पण दिशाचा चेहरा उतरला. आदल्या आठवड्यात तिनं आईला डांबरी सोडून बाभळीतल्या आडवाटेनं नेलं होतं, अंतर भरावं म्हणून.

नगरच्या दवाखान्यात आधी दोन बोटं काढली. मग घोट्यापासून पाय काढला. मग विष रक्तात गेलं. एकोणीस दिवसांत सगळं संपलं.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी दिशा औषधं आणायला खाली गेली असताना डॉक्टरनं विचारलं होतं, ह्या पायात काय घालायच्या? खाटेखाली पिशवीत बूट होते. डॉक्टरनं बुटात हात घातला, टोकाशी बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे लहान आहेत. काटा वगैरे काही नाही, घासून झालंय हे." आणि पुढच्या खाटेकडं गेला.

रंगनाथनं ते दिशाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दहावा झाला, तेरावा झाला. तेराव्याला आलेल्या बाया माजघरात बोलत होत्या, "पोरीनं आईला पळवून पळवून मारली." ते दिशानंही ऐकलं आणि त्यानंही. तो पुरुषांत जाऊन बसला. पुढच्या आठवड्यात दिशा कोयता घेऊन त्या आडवाटेवरच्या बाभळी छाटायला निघाली. कोयता बोथट होता. त्यानंच तिला धार लावून दिली.

आणि आता ती बेचाळीस किलोमीटर पळणार होती. आईचे एकवीस आणि आपले एकवीस, असं तिनं एकदाच सांगितलं होतं. पायातून रक्त आलं तरी थांबत नव्हती. रंगनाथला कळत होतं, हे शर्यतीसाठी नाही, ती शिक्षा भोगते आहे.

गाडी करंजी घाटात तासभर अडकली. नगरला पोचायला पाच वाजले. दिशा सावेडीच्या त्याच दुकानात शिरली तेव्हा रंगनाथ पायरीवरच थांबला. दुकानदार तोच होता, काशिफ. त्यानं रंगनाथकडं पाहिलं, "या काका, बसा," म्हणाला आणि दिशाकडं वळला. ओळखलं नव्हतं. असे किती काका येत असतील. रंगनाथ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. सुटलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"जुने बूट आणलेत का, ताई? दाखवा." काशिफनं बूट उलटा केला आणि कपाळाला हात लावला. "ट्यूब? ताई, ट्रॅक्टरचं टायर का नाही लावलं? जास्त टिकलं असतं."

दिशा चौदा महिन्यांत पहिल्यांदा थोडी हसली.

"किती पळता?"

"आठवड्याला पन्नास-साठ. फेब्रुवारीत बेचाळीस आहे."

"संध्याकाळी आलात ते बरं केलंत. सकाळी पाय लहान असतो, दिवसभरात फुगतो. लांब पळताना तर आणखी." त्यानं लोखंडी पट्टीवर तिचे दोन्ही पाय मापले. "पाच. पण तुम्हाला सहा लागेल. अंगठ्याच्या पुढं एक बोट जागा पाहिजे. नखं गेलीत ना तुमची? जागा नव्हती म्हणूनच. आणि हे सुती मोजे टाकून द्या, घामानं भिजले की कातडी सोलतात."

त्यानं दोन खोकी आणली. दिशानं पाच नंबर घातला, उभी राहिली, पाऊल दाबलं.

"हेच द्या."

"ताई, टोकाला लागतंय बघा."

"लागू दे. घट्टच बरे. वापरून सैल होतात."

"कातडी नाहीत हे. हे सैल होत नाहीत, पायच सोलतात."

"दादा, सहा नंबरचा माल उरलाय वाटतं? खपवायला मीच सापडले का?"

काशिफ हसला. रंगनाथ हसला नाही. शब्द त्याचेच होते. त्यानं घरी बसून मायलेकींना शिकवलेले. दिशा नाडी बांधत होती, ओढून, गच्च. आता गप्प राहिला तर ती तेच बूट घालून घरी येणार होती आणि बेचाळीस किलोमीटर पळणार होती.

"दिशे, मोठा घे."

"अप्पा, तुम्हीच म्हणता ना, घट्ट घ्यावा म्हणून?"

"मी म्हनतो म्हनूनच तुझी आई गेली."

काशिफच्या हातात दुसऱ्या खोक्याचं झाकण होतं. ते तसंच राहिलं.

"काटा न्हवता. डॉक्टरनं बुटात हात घालून दाखवलं मला. बूट ल्हान हुते, घासून घासून झालं ते. ह्याच दुकानातनं नेले हुते. ह्या पोरानं सांगितलं हुतं, सहा न्या म्हनून. मी ऐकलं न्हाई."

"काका, मला आठवत नाही..." काशिफ म्हणाला.

"मला आठवतंय."

दिशा एका पायात नवा बूट घालून बसली होती. दुसरा पाय उघडा, अंगठ्याचं नख गेलेलं. तिनं नाडी सोडली, बूट काढला आणि काशिफला म्हणाली, "सहा द्या."

त्यानं बूट दिले, मोजेही दिले. बाहेर रस्त्यावर जरा पळून बघा, म्हणाला. ती गेली. काशिफनं रंगनाथपुढं पाण्याचा ग्लास ठेवला. दिशाला परत यायला एवढा वेळ लागला की रंगनाथला वाटलं ती आता येत नाही. ती आली. "बसतात," म्हणाली.

"शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका," काशिफ हळू आवाजात म्हणाला. "आधी शे-दीडशे किलोमीटर होऊ द्या. ते जुने टाकून देऊ का इथंच?"

"टाका."

स्टँडपर्यंत दोघं रिक्षानं गेली. पाथर्डीची गाडी लागली होती. फलाटावर दिशा थांबली.

"आईला माहीत होतं?"

"डॉक्टर बोलला तवा ती जागी हुती."

"काय म्हणाली?"

हे रंगनाथनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मनकर्णाचं बोलणं ऐकणारं तिसरं कोणी नव्हतं.

"म्हनली, दिशाला सांगा, तुज्यामुळं न्हाई झालं. तिच्या मनात तेच असंल. आजच सांगा म्हनली."

"मग?"

"सांगतो म्हनलो."

गाडीत माणसं चढत होती. दिशानं खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"ती गेली त्या दिवशी मी तिचा पाय धरून माफी मागत होते, अप्पा. राहिलेला एक पाय. तुम्ही शेजारी उभे होता."

"व्हय."

"नुसते उभे होता."

"व्हय, दिशे."

ती रडेल असं त्याला वाटलं. रडली असती तर तिच्या डोक्यावर हात ठेवता आला असता.

"बसा गाडीत. मी साळूआत्याकडं भिंगारला राहते."

"किती दिस?"

"माहीत नाही."

"शर्यतीला मी आलो तर..."

"येऊ नका."

ती गेली. रंगनाथ गाडीत चढला. खिडकीशेजारी गावातला गोरक्षनाथ बसला होता. त्याचं तिसगावात चहाचं हॉटेल होतं, आणि त्याच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारी अख्ख्या गावाला ठाऊक असायची. त्यानं पिशवी उचलून जागा केली.

"रंगनाथराव! पोरगी कुठंय?"

"नगरला राह्यली."

"बूट घ्यायला आल्ता म्हनं. मिळालं का?"

"मिळालं."

"एक बोलू का? राग मानू नका. तिचं ते पळनं बंद करा आता. एक जीव गेला की त्या पळन्यापायी. गाव बोलतंय, तुमाला म्हाईत न्हाई?"

"म्हाईत हाय."

गाडी सुटली. कंडक्टर मागून तिकीट देत येत होता. रंगनाथनं आधी खिशातून पैसे काढून मुठीत धरले आणि मग गोरक्षनाथकडं वळून बसला.

"गोरक्षा, मनकर्णा पळन्यापायी न्हाई गेली. काट्यानंबी न्हाई. नीट ऐक, आन् हॉटेलात जसंच्या तसं सांग."